घरच्या जाळ्यातील सामायिक फोल्डर : प्रकल्प नोंदी

शनिवार, ५ जुलै २०२५

गेल्या आठवड्यात घरात जे घडले, ते पुन्हा घडू नये म्हणून ही नोंदवही आजपासून लिहायला घेत आहे. विलेपार्ले पूर्वेला आमची तीन मजली जुनी इमारत आहे, तिचा पुनर्विकास व्हायचा आहे आणि सोसायटीचे सचिवपद माझ्या वडिलांकडे, म्हणजे नानांकडे आहे. सभासदांची संमतीपत्रे स्कॅन करून ते आपल्या संगणकावरील एका फोल्डरमध्ये ठेवतात, आणि तो फोल्डर चार वर्षांपूर्वी मीच घरच्या जाळ्यावर सर्वांसाठी खुला केला होता. पासवर्ड नाही, आणि ‘एव्हरीवन’ या नावापुढे ‘फुल कंट्रोल’, म्हणजे कोणालाही काहीही करण्याची मुभा. विशेष सभेच्या आदल्या रात्री अठराच्या अठरा संमतीपत्रे नाहीशी झाल्याचे नानांच्या लक्षात आले. चोर कोणी नव्हता. मुलगी आपल्या लॅपटॉपवरून जुने फोटो आवरत होती आणि तिला जो फोल्डर दुबार वाटला, तो तिने काढून टाकला. जाळ्यावरच्या फोल्डरमधून काढलेली फाइल ना तिच्या लॅपटॉपच्या रिसायकल बिनमध्ये जाते, ना नानांच्या. ती थेट पुसली जाते, हे तिला ठाऊक नव्हते आणि मला ठाऊक असूनही मी कधी सांगितले नव्हते.

नानांनी रात्री दोन वाजेपर्यंत मूळ कागद पुन्हा स्कॅन केले. ते रागावले नाहीत. “तुझ्या त्या शेअरपेक्षा माझी फाइल बरी होती. तिला दोन भोकं पाडलेली होती आणि ती माझ्या कपाटात होती,” एवढेच म्हणाले.

म्हणून या प्रकल्पाचा हेतू बाहेरच्यांना अडवण्यापुरता ठेवलेला नाही. घरातल्या कोणाला काय वाचता यावे आणि कोणाला काय बदलता यावे, हे दोन हक्क वेगवेगळे करणे हे खरे काम आहे, आणि आजवर मी ते दोन्ही एकाच ताटात वाढत आलो आहे.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी झाल्यावर संगणक न उघडता कागद घेऊन सगळ्यांना एकत्र बसवले. घरातल्या फाइलींचे पाच गट निघाले: सोसायटी, पत्नीच्या करसल्ल्याच्या व्यवसायातील क्लायंटची कागदपत्रे, फोटो, मुलीचे महाविद्यालयाचे काम, आणि विमा, मालमत्ता कर, वीजबिले वगैरे घरगुती कागद. प्रत्येक गटाबद्दल दोनच प्रश्न विचारले. हे कोणाला पाहायला हवे आहे? आणि हे कोणाला बदलावे लागते? पहिल्या प्रश्नावर बरीच नावे आली, दुसऱ्यावर फारच थोडी. फोटो चौघांनाही पाहायचे असतात, परंतु एकदा लावून ठेवलेले फोटो बदलण्याची गरज कोणालाच नसते. सोसायटीचे कागद मला व पत्नीला वाचायला हवेत. त्यात भर घालणारे नाना एकटेच. क्लायंटच्या कागदांबाबत पत्नीने चर्चाच होऊ दिली नाही. “माझ्या क्लायंटची पासबुकं तुला तरी कशाला दिसायला हवीत?” हा तिचा प्रश्न रास्त होता.

यानंतर राउटरच्या यादीत किती उपकरणे दिसतात ते मोजले. अकरा निघाली. नऊ ओळखली, दहावा गिझरचा स्मार्ट प्लग होता. अकरावे उपकरण कोणाचे, हे कळायला संध्याकाळ झाली: २०२० च्या टाळेबंदीत शेजारच्या मुलाला ऑनलाइन शाळेसाठी आम्ही वायफायचा पासवर्ड दिला होता, तो पाच वर्षे चालूच राहिला. म्हणजे ज्याला मी ‘घरचे जाळे’ म्हणत होतो, ते घराच्या भिंतींपाशी संपत नव्हते आणि ‘एव्हरीवन’ या शब्दात तो मुलगाही येत होता.

मंगळवार, ८ जुलै

पत्नीच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ प्रोची २४एच२ ही आवृत्ती आहे आणि त्यावरून नानांचा फोल्डर उघडतच नाही. संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे ओळख न पटवलेला पाहुणा प्रवेश रोखला आहे, अशा अर्थाचा संदेश येतो. “आपल्या घरात कुठली आली संस्था?” असे तिने विचारले, आणि संदेशाचे शब्द गोंधळात पाडणारे आहेत हे मान्य करावे लागते.

कारण मात्र योग्य आहे. विंडोजचे संगणक आपसात फोल्डर वाटतात ते एसएमबी नावाच्या नियमावलीनुसार. त्यात पाठवलेल्या प्रत्येक संदेशावर सही करता येते, म्हणजे वाटेत कोणी मजकूर बदलला तर पलीकडचा संगणक तो नाकारतो. ही सही करण्यासाठी लागणारी किल्ली पासवर्डने ओळख पटवताना दोन्ही बाजूंना तयार होते. पाहुणा म्हणून आलेल्याला पासवर्डच नसतो, त्यामुळे किल्ली नाही, किल्ली नाही म्हणून सही नाही, आणि त्याच कारणाने संदेश कूटबद्धही (किल्लीशिवाय वाचता न येणारे) करता येत नाहीत. २४एच२ पासून प्रो आवृत्तीत सही बंधनकारक झाली आणि पाहुणा प्रवेश बंद झाला.

रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या यादीतील, एक-दोन नोंदी बदलल्या की हा अडथळा दूर होतो. हात तिथपर्यंत गेला होता. परंतु ज्या लॅपटॉपवर लोकांचे पॅन क्रमांक आणि बँकेचे तपशील आहेत, त्यालाच अनोळखी सर्व्हरवर (फाइली पुरवणाऱ्या संगणकावर) विश्वास ठेवायला शिकवायचे, आणि तेही केवळ माझ्या चार वर्षांपूर्वीच्या आळसाला सोयीचे पडावे म्हणून, हे पटले नाही. यंदा विवरणपत्रांची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढली आहे, तेव्हा तिला काही दिवस पेनड्राइव्हवर काम चालवता येईल.

शनिवार, १२ जुलै

फोल्डर नानांच्या संगणकावर ठेवायचे नाहीत, हे आज ठरले. तो रात्री बंद असतो, शिवाय त्यावर विंडोज १० आहे आणि तिचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार आहे. त्याऐवजी माळ्यावर पडलेला माझा जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरायचा. त्याला गिगाबिट (सेकंदाला हजार मेगाबिट वेगाचा) जॅक आहे, प्रोसेसरमध्ये कूटबद्ध करण्याचे काम जलद करणाऱ्या एईएस सूचना आहेत आणि बॅटरी अजून अर्धा तास तग धरते. मुंबईत वीज फारशी जात नसली तरी आमच्या इमारतीच्या मीटरखोलीचा भरवसा पावसाळ्यात देता येत नाही.

दुपारी स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. दोन टीबीची एसएसडी, तेवढ्याच क्षमतेच्या दोन बाह्य हार्ड डिस्क, जाळ्याच्या तारा जोडणारा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, कॅट ६ केबल, जॅकची पुडी आणि जॅक तारेवर दाबून बसवणारा क्रिम्पिंगचा चिमटा घेतला. दुकानदाराने जाळ्यावर फाइली साठवणारी तयार नॅस पेटी दाखवली. ती वाईट नव्हती, पण आतले नियम स्वतः लिहिल्याशिवाय मला ते समजणार नाहीत.

रविवार, १३ जुलै

लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली बसवली. झाकण मिटल्यावर तो झोपी जाऊ नये यासाठी एक ओळ बदलावी लागली. फायलींचा भाग लिनक्सच्या एलयूकेएस या सोयीने कूटबद्ध केला, म्हणजे लॅपटॉप चोरीला गेला तरी डिस्क वाचता येणार नाही. त्याची किंमत अशी की प्रत्येक वेळी सुरू केल्यावर मला परवलीचे वाक्य द्यावे लागेल. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवला.

सांबा हे सॉफ्टवेअर लिनक्सवरून विंडोजच्या भाषेत फोल्डर वाटते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी कॅनबेरा येथे विद्यार्थी असताना १९९२ च्या सुमारास त्याची सुरुवात केली. आधीचे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या मालकीचे निघाल्यामुळे त्यांनी एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द शब्दकोशातून संगणकाकरवी शोधून काढले, आणि त्यांत ‘सांबा’ या नाचाचे नाव सापडले. मुलीला एवढाच भाग आवडला.

चाचणीत मात्र निराशा झाली. फाइल नेण्याचा वेग सेकंदाला अकरा एमबीच्या वर जाईना. तपासल्यावर जोडणी गिगाबिटऐवजी शंभर मेगाबिटवर ठरलेली दिसली. शंभरला तारांच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, आणि दिवाणखान्यातून आतल्या खोलीत गेलेल्या जुन्या केबलचा जॅक उघडला तेव्हा आठांपैकी चारच तारा बसवलेल्या आढळल्या. उरलेल्या चार कापून आत दुमडून ठेवल्या होत्या. नवी केबल ओढली आणि दोन्ही टोकांना एकच क्रम ठेवला: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. पहिला जॅक फुकट गेला, दुसराही फुकट गेला. तिसऱ्यानंतर वेग एकशे आठ एमबीपर्यंत पोहोचला.

शनिवार, १९ जुलै

आजचे काम पूर्णपणे हक्कांचे. चौघांची चार खाती उघडली. सांबा आपले पासवर्ड लिनक्सपासून वेगळे साठवतो आणि ते ज्या जुन्या पद्धतीच्या रूपात साठवतो, ते फोडायला अवघड नसते. म्हणून हे पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरलेले नसावेत असा नियम केला. नानांनी चार मराठी शब्दांचे वाक्य रोमन लिपीत लिहून पासवर्ड केला आणि तो वहीत नोंदवून वही कपाटात ठेवली. त्यावर मी हरकत घेतली नाही. आमच्या घरात नानांचे कपाट फोडून पासवर्ड चोरणारा येण्यापेक्षा नाना पासवर्ड विसरण्याची शक्यता बरीच जास्त आहे.

मांडणी अशी केली. सगळ्या फोल्डरांचा मूळ स्वभाव ‘केवळ वाचन’ ठेवला. ‘व्हॅलिड यूजर्स’ या ओळीत ज्यांची नावे आहेत त्यांनाच दार उघडते, आणि ‘राइट लिस्ट’ या ओळीत ज्यांची नावे आहेत त्यांनाच लिहिता येते. पाहुण्यांना कोणत्याही नावाने आत घेऊ नये यासाठी ‘मॅप टू गेस्ट’ पुढे ‘नेव्हर’. एसएमबीची तिसरी पिढी हीच किमान मर्यादा आणि कूटलेखन सक्तीचे. ही सक्ती केल्यावर वेग एकशे आठवरून सत्त्याण्णव एमबीपर्यंत उतरला, जो आमच्या कामाला पुरून उरतो.

एवढे करूनही नानांना सोसायटीच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवता येईना. तासभर सांबाची ओळ न् ओळ पाहिली, तिच्यात चूक नव्हती. सांबाने होकार दिला तरी खालच्या लिनक्सचीही संमती लागते आणि दोघांत जो कडक असेल त्याचेच चालते, हे मला पाठ होते. फक्त तो फोल्डर मी स्वतःच्या नावाने तयार केल्यामुळे लिनक्सच्या लेखी नाना परके ठरले होते, हे डोक्यात आले नाही. (विंडोजमध्येही शेअरची आणि एनटीएफएस या तिच्या फाइल प्रणालीची परवानगी अशीच एकमेकींवर बसते.) अशा वेळी सर्वांना सर्व काही देणारा ७७७ हा आकडा लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो म्हणजे ‘एव्हरीवन’चेच लिनक्समधील भावंड आहे. प्रत्येक फोल्डरला स्वतंत्र गट नेमला, नव्या फाइलीला तोच गट आपोआप लागेल असे केले, आणि काम झाले.

रविवार, २० जुलै

पत्नीच्या लॅपटॉपवरून आधी माझ्या आणि मग तिच्या नावाने चाचणी घेताना १२१९ क्रमांकाची चूक आली. विंडोज एका वेळी एका सर्व्हरशी एकाच नावाने बोलू देते; आधीची जोडणी तोडल्याखेरीज दुसरे नाव चालत नाही. माझा जतन झालेला पासवर्ड विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून, म्हणजे पासवर्डांच्या साठ्यातून, काढून टाकला. तो तिथेच राहिला असता तर तिच्या लॅपटॉपवर शिरलेल्या कोणालाही माझे हक्क मिळाले असते.

तिच्या फोल्डरबाबत एक गोष्ट तिला स्पष्ट सांगितली. नियमांनुसार मला तो उघडता येत नाही, परंतु सर्व्हरचा कारभारी या नात्याने मी तो नियमच बदलू शकतो. परवानगी नाकारणे आणि पाहणे अशक्य करणे यांत फरक आहे. तिने बँकेचे तपशील वेराक्रिप्टच्या कूटबद्ध पेटीत ठेवून ती पेटी फोल्डरमध्ये ठेवायचे ठरवले. पेटीचा पासवर्ड मला ठाऊक नाही.

गुरुवार, २४ जुलै

फोटोंच्या फोल्डरमध्ये नवे फोटो टाकायचे कसे, अशी तक्रार आली. ‘आवक’ नावाचा फोल्डर केला. त्यात प्रत्येकाने आपले आणून टाकावे. स्टिकी बिट ही लिनक्सची खूण लावल्यामुळे ज्याने टाकले त्यालाच ते काढता येते. महिन्यातून एकदा मी ते फोटोंमध्ये हलवीन. सांबाची रिसायकल सोयही सर्वत्र लावली. आता काढलेली फाइल सर्व्हरवरील एका लपलेल्या फोल्डरमध्ये तीस दिवस राहील.

रविवार, २७ जुलै

नानांचे फोल्डर सर्व्हरवर हलवताना काही फाइली अडकल्या आणि आजचा दिवस त्यांच्यात गेला. संदेश नाव फार लांब असल्याचा होता, आणि मला तो खोटा वाटला, कारण विंडोजवर तीच नावे वर्षानुवर्षे नांदत होती. एका फाइलीचे नाव असे: ‘विशेष सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त सर्व सभासदांच्या स्वाक्षऱ्यांसह अंतिम दुरुस्त प्रत दुसरी स्कॅन केलेली’.

उलगडा झाला तो असा. विंडोज नावाची लांबी अक्षरचिन्हांत मोजते आणि २५५ चिन्हे चालवून घेते. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल प्रणाली २५५ बाइट चालवते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे धरली जातात. ‘स्वा’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, संगणकाला ती चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. त्यामुळे मराठी नावाला साधारण पंच्याऐंशी चिन्हांचीच जागा उरते. वरचे नाव पावणेतीनशे बाइटच्या पुढे जाते.

नानांना हे सांगितल्यावर त्यांनी आधी लिनक्सला नावे ठेवली आणि मग चिकाटीने एकवीस फाइलींची नावे स्वतः आटोपशीर केली. ‘अंतिम दुरुस्त प्रत दुसरी’ हे शब्द मात्र त्यांनी एकाही नावातून काढू दिले नाहीत.

शनिवार, २ ऑगस्ट

घरातला प्रिंटर दहा वर्षांचा आहे. त्यातून स्कॅन केलेला कागद तो थेट जाळ्यावरच्या फोल्डरमध्ये टाकू शकतो, आणि नानांना तीच सवय आहे. आज कळले की त्याला एसएमबीची पहिली पिढीच येते. जुनी पिढी चालू करण्यासाठी सर्व्हरवर एक शब्द बदलावा लागला असता. तो बदलला नाही, आणि नानांना कारण नीट सांगावे लागले.

१२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने याच पहिल्या पिढीतील त्रुटीचा उपयोग केला होता. त्रुटी दुरुस्त करणारे अद्यतन मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, जवळपास दोन महिने आधी, दिले होते. ज्यांनी ते बसवले नव्हते, त्यांच्या संगणकांत तो शिरला. नानांना जवळचे वाटले ते पुढचे उदाहरण. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या आला. त्याने मर्स्क या जहाजवाहतूक समूहाला जगभर जेरीस आणले आणि त्यात आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे कामही ठप्प झाले. त्याने ही त्रुटी तर वापरलीच, शिवाय एका संगणकाच्या स्मृतीत सापडलेले कारभाऱ्याचे नाव व पासवर्ड वापरून तो शेजारच्या पूर्ण अद्ययावत संगणकांतही शिरत असे. दुरुस्ती केलेली होती, तरी हक्क सैल असल्यामुळे दार उघडले गेले. म्हणूनच रोजच्या वापरात माझ्या खात्यालाही फोटो व सोसायटी या फोल्डरांत लिहिण्याचा हक्क मी ठेवलेला नाही. ‘आवक’मधले फोटो हलवायचे तर सर्व्हरवर जाऊन हलवतो.

नाना आता संगणकावरून स्कॅनची आज्ञा देतात आणि फाइल तिथून सर्व्हरवर जाते. दोन क्लिक वाढल्या. त्या दोन क्लिक मला जेवताना रोज ऐकून घ्याव्या लागतात.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. ठाण्याहून ताई आणि भाचा आले. भाच्याने दारातच वायफायचा पासवर्ड मागितला, त्यामुळे पुढच्या आठवड्याचे काम आजच उरकले. राउटरवर पाहुण्यांचे वेगळे वायफाय चालू केले. त्यातून इंटरनेट मिळते, घरातले संगणक दिसत नाहीत. टीव्ही व गिझरचा प्लगही तिकडेच हलवले. मुख्य वायफायचा पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस (बटण वा पिनने वायफायला जोडण्याची सोय) आणि यूपीएनपी (उपकरणांनी स्वतःहून राउटरची दारे उघडण्याची सोय) बंद केले. शेजारच्या मुलाला पाहुण्यांचा पासवर्ड दिला. तो आता महाविद्यालयात आहे आणि आमचे जुने कनेक्शन आपल्याकडे आहे हे तो केव्हाच विसरला होता.

रविवार, १० ऑगस्ट

आज घाम फुटला. सर्व्हर बाहेरून दिसत नाही याची खात्री करायची होती, आणि ती केवळ औपचारिकता आहे असे मी समजत होतो. राउटरमागच्या उपकरणांना १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात आणि बाहेरून आलेली अनाहूत हाक तिथवर पोहोचत नाही, ही समजूत आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीपुरती खरी आहे. आमचा सेवादाता आयपीव्ही६ ही नवी पद्धतही देतो, आणि त्यात घरातल्या प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो. तिथे आडोसा असतो तो फक्त राउटरच्या फायरवॉलचा, म्हणजे अनाहूत जोडण्या अडवणाऱ्या नियमांचा.

मोबाइलचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून सर्व्हरच्या आयपीव्ही६ पत्त्यावर एसएमबीचे ४४५ हे पोर्ट, म्हणजे संगणकाचे त्या क्रमांकाचे दार, तपासले. बंद. तिथेच थांबलो असतो तर चूक झाली असती, कारण ४४५ हे पोर्ट अनेक सेवादाते आपल्याच पातळीवर अडवतात, तेव्हा त्यावरून आपल्या राउटरबद्दल काहीच सिद्ध होत नाही. म्हणून एसएसएचचे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे) २२ तपासले, आणि मोबाइलच्या पडद्यावर माझ्याच सर्व्हरने पासवर्ड विचारला. राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल मुळातच बंद होती. चार आठवडे तो दरवाजा उघडा होता.

राउटरची फायरवॉल चालू केली. तेवढ्यावर विसंबायचे नाही म्हणून सर्व्हरवरही एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलचे नियम लिहिले: ४४५ आणि २२ फक्त घरातल्या पत्त्यांसाठी, बाकी सगळ्यांना नकार. एसएसएचमध्ये पासवर्डने प्रवेश बंद करून किल्लीची फाइल सक्तीची केली. जुन्या नोंदी चाळल्या; माझ्याशिवाय कोणाचा यशस्वी प्रवेश दिसला नाही. मोबाइलवरून पुन्हा तपासले, आता दोन्ही पोर्टांवर शांतता आहे.

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून पाऊस थांबलेला नाही. अंगणात पाणी साचल्यामुळे सोसायटीने मीटरखोलीचा मुख्य स्विच खबरदारी म्हणून बंद केला. लॅपटॉपची बॅटरी पस्तीस मिनिटे टिकली आणि ठरल्याप्रमाणे तो स्वतःहून नीट बंद झाला. वीज आल्यावर मी तो सुरू केला, परवलीचे वाक्य द्यायच्या आधीच कार्यालयाचा फोन आला आणि मी दुसऱ्या खोलीत गेलो.

पाच मिनिटांत नानांची हाक ऐकू आली. सोसायटीचा फोल्डर रिकामा दिसत होता. कूटबद्ध डिस्क उघडलेली नसल्यामुळे तिच्या जागी नुसता रिकामा फोल्डर होता, आणि सांबा इमानेइतबारे तोच दाखवत होता. फाइली सुरक्षित होत्या, पण नानांचा चेहरा पाहवत नव्हता. धोका याहून पुढचा होता. रोज रात्री प्रत काढण्याचा जो प्रोग्राम मी लिहीत होतो, तो मूळ जागी नसलेली फाइल प्रतीतूनही काढणार होता. रिकामा फोल्डर पाहून त्याने निष्ठेने सगळी प्रतही रिकामी केली असती.

दोन बदल केले. शेअरचा मार्ग आता डिस्कच्या आतल्या उपफोल्डरकडे जातो. डिस्क उघडी नसेल तर तो मार्गच सापडत नाही आणि रिकाम्या फोल्डरऐवजी चूक दिसते. प्रत काढणारा प्रोग्राम आधी डिस्कवरील एक खुणेची फाइल शोधतो. ती नसेल तर काहीही न करता थांबतो.

रविवार, २४ ऑगस्ट

प्रती काढण्याची व्यवस्था पूर्ण झाली. तिचा एकच नियम आहे: प्रतींच्या डिस्कवर कोणत्याही संगणकाला लिहिता येत नाही. ती कुठेही शेअर केलेली नाही. सर्व्हर रात्री अडीचला ती जोडतो, दिवसाची स्वतंत्र प्रत घेतो (न बदललेल्या फाइली पुन्हा न साठवता हार्ड लिंकने आधीच्याच प्रतीशी जोडल्या जात असल्यामुळे जागा थोडीच लागते) आणि डिस्क पुन्हा सोडवतो. उद्या मुलीच्या लॅपटॉपमध्ये खंडणीखोर प्रोग्राम शिरला तर तो तिचा फोल्डर आणि ‘आवक’मधल्या तिच्याच फाइली बिघडवू शकेल. त्याच्यापाशी तिचेच हक्क असतील आणि तिचे हक्क तिथवरच आहेत.

दुसरी डिस्क, तीही कूटबद्ध, ताईकडे ठाण्याला. गौरींना तिकडे जाऊ तेव्हा नेऊ.

रविवार, ७ सप्टेंबर

काल विसर्जन झाले, घर आवरून झाले, आणि आज ताळा घेतला. नानांना एक कागद निवडायला सांगितले. त्यांनी अकरा क्रमांकाचे संमतीपत्र निवडले. मुलीने आपल्या लॅपटॉपवरून ते पुसण्याचा प्रयत्न केला. परवानगी नाही असा संदेश आला आणि तिने आनंदाने टाळी दिली. मग मी सर्व्हरवर जाऊन ते मुद्दाम कचऱ्यासकट पुसले आणि आदल्या रात्रीच्या प्रतीतून परत आणले. चार मिनिटे लागली. दोन्ही फाइलींची हॅश बेरीज, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, जुळली. नानांनी ती फाइल छापली, मूळ कागदाशी ताडून पाहिली, तिला भोके पाडली आणि आपल्या फाइलीत लावली. मूळ कागद तिथे आधीपासून होताच.

शिल्लक: डेबियन १३ आले आहे, त्यावर जाण्याची घाई नाही. मुलीच्या मोबाइलवरून ‘आवक’मध्ये फोटो टाकण्याची सोय अर्धवट आहे. नानांचा संगणक विंडोज ११ साठी अपुरा ठरतो, त्यामुळे १४ ऑक्टोबरच्या आत त्यावर लिनक्स घालायचे की नवा घ्यायचा हे ठरवावे लागेल. नानांनी अद्याप होकार दिलेला नाही. देवनागरी नावांना तिथे किती जागा मिळते, हे आधी सांग, असे त्यांचे म्हणणे आहे.